श्रीलंकेची इच्छायादी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी अद्याप श्रीलंकेत पाऊल ठेवलेले नाही. तरीही गेली चार वर्षे माझ्या टेबलाच्या खणात या बेटाच्या नावाची एक वही आहे आणि सवड मिळेल तशी मी तिच्यात भर घालत आले आहे. सुरुवातीला तिच्यात नुसती नावे होती, एकाखाली एक लिहिलेली: सिगिरिया, कँडी, एला, याला, गॉल, त्रिंकोमाली, जाफना. ती यादी समोर ठेवून प्रवासाच्या तारखा ठरवायला बसले तेव्हा लक्षात आले की तिचा काहीच उपयोग होत नाही. कोणते ठिकाण कोणत्या महिन्यात पाहण्याजोगे असते हे तिच्यात नव्हते आणि काही नावे आपण मुळात का लिहिली हेही मला आठवेना. म्हणून ती यादी मी पहिल्यापासून पुन्हा लिहिली. जे प्रथमच श्रीलंकेचा बेत आखत आहेत त्यांच्यासाठी ती पद्धत येथे क्रमाने देत आहे. या बेटावर कुठे जायचे हे ठरवण्याआधी कशासाठी आणि केव्हा जायचे हे ठरवावे लागते, हा तिचा गाभा आहे.

पहिली पायरी : नावापुढे कारण लिहावे

यादी लिहिताना प्रथम हात आखडता घेऊ नये. मनात येईल ते लिहावे, मात्र प्रत्येक नावापुढे निदान एक पूर्ण वाक्य असावे: मला तेथे नेमके काय पाहायचे आहे? ‘प्रसिद्ध आहे’ हे कारण धरू नये. खरे कारण सापडण्यासाठी थोडे वाचावे लागते आणि वाचता वाचता यादीचे रूपच बदलते.

सिगिरियाचे उदाहरण देते. मैदानातून सुमारे १८० मीटर सरळ वर उठलेला खडक, त्याच्या माथ्यावर पाचव्या शतकात कश्यप राजाने बांधलेला राजवाडा, वाटेत कातळाच्या खोबणीत रंगवलेल्या स्त्रिया आणि दगडविटांत घडवलेले सिंहाचे दोन प्रचंड पंजे, एवढे बहुतेकांना माहीत असते. माझ्या वहीतही आधी ‘सिंहाचे पंजे’ इतकेच लिहिलेले होते. पुढे वाचनात आले की चढणीच्या वाटेला लागून एक लांब भिंत आहे. तिचा गिलावा एके काळी इतका घोटलेला होता की तिला आजही आरसेभिंत म्हणतात. राजवाडा ओस पडल्यावर खडक पाहायला येणाऱ्या लोकांनी शतकानुशतके त्या गिलाव्यावर बारीक अक्षरांत ओळी कोरल्या, त्यांतल्या पुष्कळशा चित्रातल्या स्त्रियांना उद्देशून आहेत. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ पद्ये वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. हे वाचल्यापासून माझ्या यादीतले सिगिरियाचे कारण बदलले. हजार-बाराशे वर्षांपूर्वी धापा टाकत तेथपर्यंत चढून आलेल्या, माझ्यासारख्याच कोणा प्रवाशाचे अक्षर मला पाहायचे आहे. त्या भिंतीवर आता काहीही कोरणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

कारण शोधताना एका नावातून दुसरे नाव निघते, हा या पायरीचा मोठा लाभ. कश्यपाचा पिता धातुसेन. त्याला कैद करून कश्यपाने गादी बळकावली. जुन्या इतिवृत्तात अशी कथा येते की दडवलेला खजिना दाखव म्हणून मुलाने तगादा लावला, तेव्हा धातुसेन त्याच्या माणसांना घेऊन आपण बांधलेल्या कलावेव या तलावावर गेला, पाणी ओंजळीत घेतले आणि माझी सारी संपत्ती हीच असे म्हणाला. त्यानंतर त्याचा जीव घेण्यात आला. तो तलाव आजही आहे. त्यातून निघणारा योद एल हा कालवा ८७ किलोमीटर वाहत अनुराधापुर या जुन्या राजधानीकडे पाणी नेतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात किलोमीटरमागे सुमारे १० सेंटीमीटर इतकाच उतार ठेवलेला आहे. कलावेवजवळच अवुकन येथे अखंड दगडातली, १२ मीटरहून उंच अशी उभी बुद्धमूर्ती आहे. मुलाचा खडक पाहायला असंख्य लोक जातात. पित्याचा तलाव पाहायला मात्र वाट वाकडी करावी लागते, आणि ती अवश्य करावी असे माझे मत आहे.

येथे एक शब्द शिकून घ्यावा. ‘वेव’ म्हणजे तलाव, आपल्या ‘वापी’चेच सिंहली रूप. नकाशावर मिन्नेरिया वेव, तिस्स वेव अशी नावे ठिपक्यांसारखी पसरलेली दिसतात. बेटाच्या कोरड्या भागातली जुनी राज्ये या पाण्यावर उभी होती हे त्यावरून उमगते. ‘नुवर’ म्हणजे नगर, ‘गम’ म्हणजे गाव. मराठी माणसाला सिंहली ऐकून कळणार नाही, पण नकाशा वाचताना तिचे नाते पावलोपावली जाणवते.

दुसरी पायरी : नकाशावर पावसाची रेघ मारावी

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एक पंचमांश. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४३५ किलोमीटर भरते. आकार पाहून अवघे बेट एका दमात होईल असे वाटते. पावसाचे गणित मांडल्याशिवाय हा समज जात नाही.

बेटाच्या मध्यभागी, थोडा दक्षिणेकडे, डोंगराळ प्रदेश आहे. पिदुरुतलागल हे २,५२४ मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर तेथेच आहे. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे या डोंगरांना येऊन धडकतात आणि कोलंबो, गॉल, मिरिसा हा किनारा व डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. त्याच वेळी पूर्वेकडचे त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे, उन्हात असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारा ईशान्येकडून येतो आणि चित्र उलटते. ज्यांनी महाबळेश्वरचा पाऊस पाहून तेथून थोड्याच अंतरावरचा माणदेश पाहिला आहे त्यांना डोंगरामागची ही पर्जन्यछाया समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की येथे ती वर्षातून दोनदा कूस बदलते.

माझ्या वहीत बेटाचा एक नकाशा चिकटवलेला आहे. त्यावर मी डोंगरांच्या माथ्यावरून पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे ‘डिसेंबर ते मार्च’ किंवा ‘मे ते सप्टेंबर’ असे लिहीत गेले. अर्ध्या तासाच्या या कामाने एका यादीच्या दोन याद्या झाल्या. हे काम नवख्या माणसाने मुळीच टाळू नये. दोन मोसमांच्या मधल्या काळांपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस दोन्ही बाजूंना पडतो आणि चक्रीवादळांचा धोकाही असतो. नोव्हेंबर २०२५ मधल्या दित्वा चक्रीवादळाने पूर आणि दरडींनी बेटाची मोठी हानी केली. पहिल्या भेटीसाठी हे दोन महिने निवडू नयेत.

तिसरी पायरी : प्राण्यांचे आणि सणांचे महिने जोडावेत

पावसाची रेघ झाली की बाकीची वेळापत्रके तिच्यावर बसवावीत. मिन्नेरियाच्या तलावाचे पाणी कोरड्या ऋतूत ओसरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास शेकडो रानहत्ती तेथे एकत्र येतात. ही गोष्ट फेब्रुवारीत पाहायला मिळणार नाही. ज्यांना हत्ती पाहायचेच आहेत आणि महिना जुळत नाही त्यांनी उदावलवे हे राष्ट्रीय उद्यान यादीत घ्यावे. तेथे ते वर्षभर दिसतात. हत्तीच्या पाठीवर बसण्याचा प्रकार मात्र यादीतून सरळ काढून टाकावा. ज्या प्राण्याला मोकळे पाहण्यासाठी एवढ्या दूर जायचे त्याला साखळीत पाहण्यात काही अर्थ नाही.

‘याला’ हे राष्ट्रीय उद्यान बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण कोरड्या ऋतूच्या अखेरीस, साधारण सप्टेंबरपासून काही आठवडे, त्याचा मुख्य भाग बंद ठेवण्याची पद्धत आहे. म्हणून तारखा पाहूनच बेत करावा. निळे देवमासे दक्षिणेला मिरिसाजवळ नोव्हेंबर ते एप्रिल आणि पूर्वेला त्रिंकोमालीजवळ मे ते सप्टेंबर या काळात दिसण्याची शक्यता अधिक. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी किनाऱ्यापासून फार दूर न जाता दिसू शकेल अशा जागा जगात थोड्या आहेत. होडी ठरवताना ती देवमाशापासून अंतर राखते का हे विचारावे आणि त्याच्या मागे धावणारी होडी स्वस्त असली तरी नाकारावी.

श्रीपाद, म्हणजे २,२४३ मीटर उंचीचे ते त्रिकोणी शिखर, डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रेकरूंनी गजबजलेले असते. माथ्यावरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाचे, हिंदू शिवाचे, तर मुसलमान आणि ख्रिस्ती आदमाचे पाऊल मानतात. एकाच खुणेपुढे इतक्या धर्मांचे लोक नमतात, हे माझ्या वहीत लिहिलेले कारण आहे. हॅटन स्थानकावर उतरून पायथ्याच्या नल्लतन्निय गावी जावे आणि मध्यरात्रीनंतर चढायला लागावे, म्हणजे सूर्योदयाला माथा गाठता येतो. पायऱ्या पाच हजारांहून अधिक आहेत. यात्रेच्या काळात वाटेवर दिवे आणि चहाची दुकाने असतात. एरवी अंधार, वारा आणि पाऊस यांची तयारी ठेवावी लागते, तेव्हा नवख्यांनी यात्रेचाच काळ धरावा.

सणांचे म्हणावे तर कँडीचा एसल पेरहेर, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या दंतविहाराची मिरवणूक, जुलै-ऑगस्टमध्ये असतो आणि जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी मंदिराचा २५ दिवसांचा उत्सवही त्याच सुमारास येतो. फेब्रुवारीच्या पौर्णिमेला कोलंबोच्या गंगारामय विहाराची नवम मिरवणूक निघते. प्रत्येक पौर्णिमेला ‘पोय’ म्हणतात. त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते, मद्यविक्री बंद राहते, पांढऱ्या कपड्यांतले लोक विहारांत जातात. म्हणून वहीत निवडलेल्या महिन्याच्या पौर्णिमेची तारीख आधीच लिहून ठेवावी. त्या दिवशी वाहने आणि खोल्या मिळणे अवघड जाते, पण एखाद्या विहाराच्या अंगणात बसून राहण्यासाठी तोच दिवस उत्तम.

चौथी पायरी : अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, तासांत मोजावे

कोलंबोहून दक्षिणेला गॉलपर्यंत द्रुतगती मार्ग आहे, तो प्रवास सुखाचा. बाकी ठिकाणी, विशेषतः घाटांत, तासाला ३० ते ४० किलोमीटर एवढाच हिशेब धरावा. विमानतळ कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला कटुनायके येथे आहे. त्यामुळे सिगिरियाकडे जाणाऱ्यांनी कोलंबोत न शिरता थेट निघावे आणि सुमारे चार तास धरावेत.

ठिकाणांचे गट पाडावेत. अनुराधापुर, मिहिंतले, कलावेव, दंबुल्ला, सिगिरिया आणि पोलोन्नरुवा हा एक गट होतो आणि एका मुक्कामावरून त्याची बरीच ठिकाणे पाहता येतात. कँडी आणि डोंगर हा दुसरा गट, दक्षिण किनारा तिसरा. पूर्व किनारा व जाफना यांना स्वतंत्र दिवस लागतात. दहा दिवसांत तीनपेक्षा जास्त गट घेऊ नयेत. पूर्वी एका वेगळ्या प्रवासात मी सहा दिवसांत पाच मुक्काम केले होते, आणि आज त्यातल्या खोल्यांची दारे आठवतात, गावे आठवत नाहीत.

रेल्वेसाठी थोडे अधिक सांगते, कारण कँडी ते एला हा मार्ग बहुतेकांच्या यादीत असतो. चहाच्या मळ्यांमधून जाणारा हा प्रवास सहा-सात तासांचा आहे. वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून डोंगरांचा वारा हवा असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचे आरक्षण करावे आणि ते खुले होताच करावे. छायाचित्रांत दिसणारा नऊ कमानींचा पूल १९२१ मध्ये पोलाद न वापरता दगड, विटा व सिमेंटने बांधला गेला. तो एलाच्या पुढे, देमोदराच्या दिशेला आहे. कँडीहून येऊन एलाला उतरणारा प्रवासी त्या पुलावरून जातच नाही! पुलावरून जायचे असेल तर तिकीट देमोदरापर्यंतचे काढावे. तेथे आणखी एक नवल आहे: उतार साधण्यासाठी रूळ डोंगराला वळसा घालतो आणि देमोदराच्या स्थानकाखालच्या बोगद्यातून पुढे निघतो. या मार्गावर दरडींमुळे गाड्या बंद पडतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात रेल्वे कुठवर चालू आहे याची खात्री करून घ्यावी आणि त्या दिवसासाठी रस्त्याचा पर्याय लिहून ठेवावा.

पाचवी पायरी : श्रद्धेच्या जागांची तयारी

मराठी घरांत लंका म्हटले की आधी रामायण आठवते आणि ते स्वाभाविक आहे. नुवारा एलियाजवळचे सीता अम्मन मंदिर आणि त्रिंकोमालीच्या कड्यावरचे कोनेश्वरम हे शिवमंदिर यादीत जरूर असावे. मात्र सारे बेट रामायणाच्या चौकटीत पाहू नये. कोलंबोलगतच्या केलनिय विहारात बिभीषणाचे देवालय आहे आणि बौद्ध भाविक त्याला संरक्षक देव मानून पूजतात, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असलेल्या कथेपेक्षा वेगळी असून तितकीच मोलाची आहे.

दुसरा धागा अशोकाचा. त्याचा पुत्र महिंद मिहिंतलेला आला आणि कन्या संघमित्रेने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी अनुराधापुराला आणली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेला तो वृक्ष आजही सांभाळला जातो. १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कँडीला गेले होते. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेकांसाठी त्या गावाला दंतविहारापलीकडेही एक अर्थ आहे.

या जागांचे नियम साधे आहेत आणि ते मनापासून पाळावेत. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे व टोपी बाहेर काढावी. दुपारी दगडी फरसबंदी तापते, तेव्हा मोज्यांची एक जुनी जोडी जवळ ठेवावी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणे तेथे अपमानाचे समजले जाते. अंगावर बुद्धाचे चित्र गोंदवलेल्यांना अडवले गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ते झाकून ठेवावे. नल्लूरच्या मंदिरात पुरुषांना कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात.

सहावी पायरी : खाण्याची यादी वेगळी करावी

माझ्या यादीत अंड्याचा आप्प, तांदळाच्या शेवयांचा इडियाप्पा, सकाळचा कोट्टू नव्हे तर रात्री तव्यावर पात्यांच्या खडखडाटात तयार होणारा चिरलेल्या रोटीचा कोट्टू, नारळाच्या दुधात शिजवलेला भात म्हणजे किरिबत आणि म्हशीच्या दह्यावर कितुल माडाची काकवी ओतून खायची किरिपॅणि एवढे आहे. शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ओल्या खोबऱ्याचा पोल संबोल दिसायला आपल्या चटणीसारखा असला तरी त्यात बहुधा उम्बलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, घातलेला असतो आणि भाज्यांतही तो असू शकतो. ‘मस् एपा, मालु एपा, उम्बलकड एपा’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, सुका मासाही नको. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर असावे. ‘आयुबोवन्’ हा नमस्कार आणि ‘इस्तुति’ हे आभारही तेथेच लिहावेत.

सातवी पायरी : कागदपत्रे

याबाबत थोडक्यात सांगते. प्रवेशासाठी निघण्यापूर्वीच ऑनलाइन परवाना घेऊन ठेवावा. त्याचे शुल्क आणि अटी बदलत असतात, म्हणून त्या केवळ तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहाव्यात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक असावी. चलन श्रीलंकेचा रुपया आहे, आणि लहान गावांसाठी रोख रक्कम जवळ ठेवावी. घड्याळ बदलावे लागत नाही.

आठवी पायरी : खोडावे

शेवटी यादीतून नावे कमी करायची असतात आणि हे सर्वांत जड जाते. खोडलेले नाव पुसून टाकू नये. ते दुसऱ्या मोसमाच्या पानावर हलवावे. मी फेब्रुवारी निवडला, कारण श्रीपाद, देवमासे आणि नवम मिरवणूक ही तिन्ही त्यात बसतात. त्यासाठी मिन्नेरियाचे हत्ती, कँडीचा पेरहेर आणि त्रिंकोमाली सोडावी लागली. ती आता ऑगस्टच्या पानावर आहेत. जाफनाही तेथेच गेले. १९८१ मध्ये जाळले गेलेले आणि पुन्हा उभारलेले तेथील ग्रंथालय, नैनातिवु बेटावरचे देवीमंदिर, मे २००९ मध्ये युद्ध संपल्यानंतर सावरत असलेले ते शहर, हे सारे घाईने उरकण्यासारखे नाही. त्याला स्वतःचा एक आठवडा द्यायचा आहे.

फेब्रुवारीच्या पानावर आता अकरा नावे उरली आहेत. ईशान्येचा पाऊस नुकताच ओसरलेला असेल, त्यामुळे कोरड्या भागातले तलाव तेव्हा भरलेले असण्याची आशा आहे. सिगिरियाची सकाळ आणि कलावेवची संध्याकाळ मी एकाच दिवसात ठेवली आहे, त्याच क्रमाने, आणि त्या दिवशी तिसरे काहीही लिहिलेले नाही.